सांत्वनाला गेले आणि निषेध करून आले

अब्बा,

समोरच्या घरातलं माणूस गेलं, आणि मी तिथं सांत्वनाला म्हणून जाऊन निषेध करून आले. हे कुणाला सांगता येण्यासारखं नाही. तुमच्या जावयांना सांगून पाहिलं. ते म्हणाले, त्यात काय बिघडलं, चांगलंच तर बोललीस. खरंच चांगलं बोलले मी. वक्तृत्व स्पर्धेत पहिला नंबर यावा इतकं शुद्ध बोलले. बोलणारच, कारण ती वाक्यं तुम्ही माझ्याकडून घोकून घेतलेली होती. म्हणून म्हटलं, तक्रार करायची तर तुमच्याकडेच करावी. तुम्हाला जाऊन आता इतकी वर्षं झाली की तुमच्याशी भांडायला मला भीती वाटत नाही.

आधी घर सांगते, कारण हे घर तुम्ही पाहिलेलं नाही. तुमच्या वेळी गावाबाहेर डोकमर्डीला नुसतं गवत होतं आणि शाळा सुटल्यावर तुम्ही तिकडं फिरायला जायचात. तिथं आता इमारती उभ्या राहिल्यात. त्यातल्या एकीत तिसऱ्या मजल्यावर आम्ही राहतो. जिन्याच्या एका बाजूला आमचं दार आणि समोर तिचं. ती जळगावकडची. नवरा माझ्याच कंपनीत, मसाटला, माल रवाना करतात त्या खात्यात. मी लॅबमध्ये धागा तपासते. ती घरी डबे करते, इथं एकट्या राहणाऱ्या इंजिनियर पोरांचे. आम्ही दोघी एकाच वर्षी इथं राहायला आलो, एकमेकींच्या मुलांना ओरडलो, एकमेकींच्या सासवांबद्दल खालच्या आवाजात बोललो. सुट्टीच्या दिवशी दादऱ्याच्या बागेत चालायला म्हणून जातो आणि चालण्यापेक्षा बाकावरच जास्त बसतो. तिच्या घराची एक किल्ली माझ्या स्वयंपाकघरातल्या खिळ्याला असते, माझी तिच्याकडे. कोण कुणावर किती विश्वास ठेवतं असलं आम्ही कधी बोललो नाही. किल्ली हरवली तर दार तोडायला नको, एवढाच हिशोब.

गेला तो तिचा धाकटा भाऊ. डिप्लोमा झाल्यावर तो इथल्या एका कारखान्यात शिकाऊ म्हणून लागला आणि वर्षभर बहिणीकडे राहिला. जेवण तिच्याकडे, चहा माझ्याकडे. माझ्या स्कूटरवर गाडी चालवायला शिकला, किलवणी नाक्यावर आरसा फोडून आला आणि मला न सांगता दुसऱ्याच कुठल्या तरी गाडीचा आरसा बसवून मोकळा झाला. तो आरसा अजून आहे. त्यात मागचा रस्ता दिसत नाही, माझाच कान दिसतो. नोकरीचं गाव बदललं तेव्हा जाता जाता त्यानं कंपनीतून तेलाचं एक रिकामं निळं पिंप आणलं, अर्धं कापलं, माती भरली आणि बहिणीच्या गॅलरीत कढीपत्ता लावला. आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून ती गॅलरी दिसते. मला म्हणाला, ताई, तुमच्या आमटीची सोय करून चाललोय. त्या झाडाचा पाला इतकी वर्षं आम्ही दोन्ही घरांत खातोय. पुढं तो मशिनं दुरुस्त करायच्या कामावर लागला आणि त्यासाठी गावोगाव फिरायचा. असाच एका दूरच्या शहरात गेला होता. काम संपवून संध्याकाळी बाजारात गेला, तिथं स्फोट झाला.

पण हे सगळं आम्हाला नंतर कळलं. दुसऱ्या दिवशी सकाळी एवढंच माहीत होतं की कुठल्याशा शहरात भर बाजारात स्फोट झालाय, माणसं गेलीत, आणि ज्यांनी केलं त्यांनी आपल्या धर्माचं नाव घेतलंय. आमच्याकडे पहिल्या पाळीच्या आधी गेटच्या आतल्या मोकळ्या जागेत रोज सगळे उभे राहतात. चालत्या मशीनमध्ये हात घालणार नाही, हेल्मेट काढणार नाही, अशी शपथ होते. त्या दिवशी शपथेनंतर दोन मिनिटं स्तब्ध उभं राहायचं ठरलं होतं. त्याआधी साहेबांनी मला सगळ्यांदेखत बाजूला घेतलं. साहेब पुण्याचे, सरळ मनाचा माणूस, माझ्याहून वयानं लहान. हळूच म्हणाले, मॅडम, शेवटी दोन शब्द तुम्ही बोललात तर बरं होईल. मी विचारलं, मीच का? ते गडबडले. वरून काही आलेलं नाही, हे माझंच म्हणणं आहे, असं म्हणाले. लाइनवर सगळीकडची पोरं आहेत, त्यात तुमच्यातलीही आहेत, कालपासून कँटीनमध्ये कुजबुज चाललीय, तुमच्यासारखी मोठी बाई बोलली तर त्यांना सांभाळायला मला सोपं जाईल. अब्बा, हे त्यांनी चांगल्या मनानं सांगितलं होतं, ते मला तेव्हाही कळत होतं. तरी माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, सर, सगळे उभे राहतील तशी मीही उभी राहते. आणि राहिले. मान खाली घालून उभी राहिले, पण माझ्या न बोलण्याकडं किती जण बघतायत ते मला खाली मान घालूनही दिसत होतं. त्यांत समोरच्या घरातला तिचा नवराही होता. आपला मेहुणा त्या बाजारात होता हे त्यालाही तेव्हा माहीत नव्हतं.

लॅबमध्ये जाऊन बसल्यावर मला साहेबांना द्यायचं उत्तर सुचलं. आम्ही धागा मोज्यासारखा विणतो आणि रंगवून बघतो. त्यात वेगळा पट्टा उमटला की तो ज्या बॉबिनचा, तेवढा बॉबिन बाजूला काढतो. उरलेल्यांना एकेक करून बोलावत नाही. हे सांगायला हवं होतं, असं म्हणत मी दुपारपर्यंत स्वतःवरच खूश होते. दुपारी दारात दोन कामगार येऊन उभे राहिले, बिहारकडचे, आपल्यातले. त्यांतला एक चाचरत म्हणाला, "मैडम, आप बोल देतीं तो अच्छा रहता. हम लोगों को तो कोई बोलने को भी नहीं बोलता, सीधा देखते हैं." माझं बॉबिनचं उत्तर तिथंच पडलं. मला विचारलं गेलं याचा मला अपमान वाटला होता, आणि त्यांना कुणी विचारायच्याही लायकीचं समजत नव्हतं. माझ्या स्वाभिमानाचं भाडं ते भरत होते. मी त्यांना काय सांगितलं असेल? जाओ, काम करो, एवढंच.

पाळी सुटता सुटता तिच्या नवऱ्याला फोन आला. मी घरी पोचले तेव्हा ती जिना उतरत होती, पदर एकीकडे, पिशवी एकीकडे. मी धावत वर जाऊन पाण्याची बाटली आणली आणि तिच्या हातात दिली. तिनं माझं मनगट धरलं, गच्च धरलं आणि सोडलं. दोघीही काही बोललो नाही. गाडी निघून गेली. तेवढ्यापुरती तरी मी तुमची मुलगी शोभले.

तुम्हाला आठवतं का, मुख्याध्यापकांची आई गेली तेव्हा तुम्ही मला बरोबर नेलं होतं. अम्मी म्हणत होती की मयताच्या घरी मुलीला कशाला नेता. तुम्ही म्हणालात, शिकेल. त्यांच्या ओटीवर सतरंजी टाकलेली. तुम्ही टोपी काढून मांडीवर ठेवली आणि भिंतीशी बसलात. मुख्याध्यापक समोर बसलेले. वर्गात तास तास बोलणारे तुम्ही, घरातही पुस्तकी मराठीतच रागावणारे, अम्मीच्या बोलीभाषेतल्या चुका काढणारे, आणि तिथं चकार शब्द नाही. मला वाटलं, तुमचं काही बिनसलं. बराच वेळ झाल्यावर तुम्ही उठलात, मला हाताला धरलंत आणि सरळ बाहेर पडलात. रस्त्यावर आल्यावर मी विचारलं, अब्बा, तुम्ही 'येतो' म्हणाला नाहीत. तेव्हा तुम्ही थांबलात आणि सांगितलंत, "दुःखाच्या घरून निघताना येतो म्हणायचं नसतं. आणि आत गेल्यावर बोलायचं नसतं. आपण आलोय, हेच बोलणं असतं." मग दमणगंगेच्या पुलापर्यंत माझा हात धरून चालत राहिलात. मला ते सगळं आवडलं होतं. मोठं झाल्यावर असं बसता आलं पाहिजे, असं वाटलं होतं.

पण तुम्ही मला दुसरंही काही शिकवलंत आणि ते याच्या बरोबर उलट होतं. मुंबईत बाँब फुटले त्यानंतर शाळेत शोकसभा झाली आणि मुख्याध्यापकांनी तुम्हाला बोलायला सांगितलं. तुम्ही मराठीचे शिक्षक, बोलणं तुमच्याकडे येणारच, असं तेव्हा मला वाटलं. तुम्ही बोललात आणि सगळ्यांना ते भिडलं. बायका डोळे पुसत होत्या. त्यानंतर मात्र देशात कुठंही काही झालं की सभा व्हायची आणि बोलायला तुम्हालाच उभं करायचे. शाळेत मराठीचे आणखीही शिक्षक होते, त्यांना कुणी सांगत नसे. पुढं पुढं तर रेडिओवर बातमी लागली की अम्मी कुणी न सांगता तुमचा पांढरा शर्ट काढायची आणि इस्त्री गरम करायची. एकदा इस्त्री करता करता ती म्हणाली, दरवेळी तुम्हीच का? तुम्ही म्हणालात, बोलायला काय जातं? अम्मी म्हणाली, शर्ट झिजतो. तुम्ही हसलात. मीही हसले. त्यात हसण्यासारखं काही नव्हतं, हे कळायला मला बरीच वर्षं लागली.

त्याच सुमारास वर्गातल्या एका मुलीनं मला मधल्या सुट्टीत विचारलं की तुमची माणसं असं का करतात गं. मी तिच्यावर ओरडले, तिचा डबा सांडला, ती रडत बाईंकडे गेली. तुम्ही त्याच शाळेत, त्यामुळे तुम्हाला तासाभरात कळलं. घरी तुम्ही मला मारलं नाहीत. समोर बसवलंत आणि म्हणालात, "विचारणारं माणूस भ्यालेलं असतं. भ्यालेल्या माणसावर ओरडू नये, त्याला उत्तर द्यावं." आणि मग ते उत्तर तुम्ही मला दिलंत. या भ्याड कृत्याचा मी तीव्र शब्दांत निषेध करते. निरपराधांचे प्राण घेणाऱ्यांना धर्म नसतो. माझ्या देशबांधवांच्या दुःखात मी सहभागी आहे. तुम्ही ते माझ्याकडून म्हणवून घेतलंत. मी 'तीव्र शब्दात' म्हटलं की थांबवायचात आणि अनुस्वाराचा उच्चार पुन्हा करायला लावायचात. मी दहावीत होते. माझ्या मैत्रिणींना त्या वर्षी पसायदान पाठ होतं आणि प्रतिज्ञा पाठ होती. मला त्याबरोबर हेही पाठ होतं.

मी हे रागानं लिहितेय, पण तुम्ही खोटं शिकवलंत असं मी म्हणत नाही. वाक्य न् वाक्य खरं होतं. त्या बाजारात ज्यांनी हे केलं त्यांचा मला जेवढा राग आहे तेवढा साहेबांना असेल का, मला शंका आहे. ज्या नावानं मी रोज सकाळी सुरुवात करते, तुमच्यावर माती टाकताना जे नाव घेतलं, ते नाव त्यांनी तिथं नेऊन टाकलं. नमाजला बसल्यावर मी त्यांना असे शाप दिलेत की ऐकून तुम्ही माझी भाषा सुधारायला लागला असता. पण ते मी माझ्या खुदाजवळ बोलले. ते गेटवर उभं राहून हजेरीसारखं द्यायचं, नाही दिलं तर गैरहजर धरायचं, याला काय म्हणावं? आणि दिलं तरी काय होतं? त्या शुक्रवारी तुमचे जावई मशिदीत दंडाला काळी फीत बांधून गेले. सगळेच गेले. नमाजनंतर फलक धरून उभे राहिले. पेपरात फोटो आला. दुसऱ्या दिवशी त्यांच्या दुकानात एक ओळखीचा माणूस आला आणि म्हणाला, अच्छा केला, पण फोटोसाठी केला ना? त्यांनी ते हसण्यावारी नेलं. घरी आल्यावर कपाटाच्या खणात ती फीत नीट घडी करून ठेवत होते. मी विचारलं, ठेवता कशाला? ते म्हणाले, पुन्हा लागेल.

मग ती गावाहून परत आली. लग्न झालेल्या मुलीचं सुतक लवकर फिटतं, आणि डब्यांची पोरंही खोळंबली होती. तिला भेटायला तिची वापीची मावशी आली होती, दीर आला होता. मी कामावरून आले, हातपाय धुतले, डोक्यावर ओढणी घेतली आणि समोर गेले. घरातून निघताना माझ्या मनात फक्त तुमची ती सतरंजी होती. भिंतीशी बसायचं. बोलायचं नाही. अब्बा, शपथेवर सांगते, मी तेवढ्याचसाठी गेले होते.

मी दारात आले आणि आतलं बोलणं थांबलं. दुःखाच्या घरात कुणी आलं की बोलणं थांबतंच, त्यात एवढं काही नसेल. पण दिरानं माझ्या ओढणीकडं पाहिलं असं मला वाटलं. तिच्या नवऱ्यानं मान वर केली आणि मला त्याच्या चेहऱ्यावर ती गेटवरची सकाळ दिसली. हा विचार करत असेल, ही बाई बोलली नव्हती. साहेब बोला म्हणत असताना ही बोलली नव्हती, आणि माझा मेहुणा तिकडे. तो तसा विचार करत होता का, मला माहीत नाही. कदाचित तो रात्रभराच्या प्रवासानं नुसता दमलेला होता. ती भिंतीशी बसलेली, केस तसेच, हातात भावाचं स्वेटर की काय होतं. मी तिच्यासमोर खाली बसले. आणि माझं तोंड उघडलं. या भ्याड कृत्याचा मी तीव्र शब्दांत निषेध करते, मी म्हणाले. निरपराधांचे प्राण घेणाऱ्यांना धर्म नसतो. सगळं म्हटलं, शेवटपर्यंत. अनुस्वारासकट.

कुणी विचारलं नव्हतं. ज्यांनी विचारलं त्यांना मी नाही म्हटलं होतं, आणि जिनं कधीच काही विचारलं नव्हतं तिच्यापुढं मी उभ्याउभ्या पाठ म्हणून दाखवावं तसं बसून म्हणून दाखवलं. तिनं माझ्याकडं पाहिलं. ओळखीची बाई अचानक वेगळ्याच भाषेत बोलायला लागली की बघावं तसं पाहिलं. मग अगदी हळू म्हणाली, "मी विचारलं का गं तुला?"

एवढंच. आवाज चढला नाही. कोपऱ्यातून मावशी म्हणाली, "बोलली ते बरं केलं माय. बोलायलाच पाह्यजे." दिरानं मान हलवली. म्हणजे त्या खोलीत ज्यांची माझी ओळखदेख नव्हती त्यांचं समाधान झालं, आणि जिच्यासाठी गेले होते तिनं भिंतीकडं तोंड फिरवलं. मला सांगायचं होतं की अगं, मी घाबरले. मला सांगायचं होतं की माझ्या स्कूटरचा आरसा अजून तोच आहे. पण निषेधानंतर आरशाचं कसं बोलणार? मी उठले. आणि दारात सवयीनं, रोज दिवसातून दहादा या दारातून त्या दारात जाताना म्हणतो तसं, म्हणाले, येते गं. तोंडातून शब्द गेला आणि तुम्ही रस्त्यात थांबलेले मला दिसलात. तिनं तोंड भिंतीकडंच ठेवलं. बरोबरच आहे.

तेव्हा मला तुमचा शेवटचा पांढरा शर्ट आठवला. तुम्ही निवृत्त होऊन बराच काळ झाला होता, दम लागायचा, उशांना टेकूनच बसायचात. कुठंतरी काहीतरी झाल्याची बातमी आली आणि तुम्ही अम्मीकडे शर्ट मागितलात. तिनं म्हटलं, आता कोण बोलवतंय तुम्हाला? तरी तुम्ही घातलात. बटणं लावायला मी मदत केली. दुपारभर दाराकडं तोंड करून खुर्चीत बसून राहिलात. शाळेतलं कुणी आलं नाही. तिथं सगळी नवी माणसं होती, त्यांना तुमचं नावही माहीत नव्हतं. संध्याकाळी तुम्ही शर्ट काढून माझ्याकडे दिलात आणि म्हणालात, ठेव. मला तुमचा राग आला होता तेव्हा. वाटलं, यांना एवढी कसली हौस? आता कळतं, ती हौस नव्हती. इतकी वर्षं बोलायला लावल्यावर, एखाद्या दिवशी आपण बोललो नाही तर लोक आपल्याला काय समजतील, याची ती धास्ती होती. तीच तुम्ही मला दिलीत, अनुस्वारासकट. बोलायला काय जातं, असं तुम्ही अम्मीला म्हणाला होतात. माझं काय गेलं ते मी सांगते. रडायला गेले होते, ते रडणं गेलं.

तुम्ही विचाराल, मग तुझं म्हणणं काय, बोलावं की बोलू नये? मला उत्तर येत नाही, मास्तर. नाही बोलले तर त्या दोन कामगारांकडं सगळे बघतात. बोलले तर माझी मैत्रीण भिंतीकडं तोंड करते. साहेबांनी विचारू नये म्हणावं, तर त्यांनीही ते कुणाला तरी वाचवायलाच विचारलं होतं. मावशीनं म्हणू नये म्हणावं, तर तिचा भाचा गेलाय. मी कुणावर ओरडू? सगळीच भ्यालेली माणसं आहेत, आणि भ्यालेल्या माणसावर ओरडायचं नाही असं तुम्हीच सांगून ठेवलंय.

दहाव्या-तेराव्याला ती घरच्या सगळ्यांना घेऊन पुन्हा गावाला गेली. जाताना तिनं बेल वाजवली नाही. एरवी गावाला जाताना, गॅस बघ, झाडाला पाणी घाल, डब्याची पोरं आली तर सांग, अशी तिची हजार कामं असतात. या वेळी पावलं जिन्यावरून खाली गेली ती मी आतून ऐकली. खालच्या किराणावाल्यानं मला सांगितलं की भाभी घराची किल्ली इथं ठेवून गेलीय. मी नुसतं बरं म्हटलं. माझ्या खिळ्यावरची किल्ली मात्र तिनं मागितली नाही. विसरली की राहू दिली, कुणास ठाऊक. मी रोज भाकरी भाजताना त्या किल्लीकडं बघते आणि खिडकीतून त्या पिंपाकडं बघते. ऊन कडक आहे. कढीपत्त्याची पानं आधी मलूल झाली, मग कडेनं पिवळी पडायला लागली. किराणावाला काही झाडाला पाणी घालायला तिसरा मजला चढणार नाही. मला जाता येत होतं. पण तिनं सांगितलेलं नाही. आणि तिच्या मागं, तिच्या बंद घरात मला शिरताना कुणी बघितलं, आणि या दिवसांत बघितलं, तर? असा विचार याआधी माझ्या मनात कधी आला नव्हता. त्या घरात मी झोपेतसुद्धा मीठ शोधू शकते.

आज माझी सुट्टी. दुपारी सगळे पडलेले असताना मी खिळ्यावरची किल्ली काढली आणि गेले. घरात बंद घराचा वास होता. कोनाड्यात त्याचा फोटो, हार सुकलेला. बादली भरून मी पिंपाला पाणी घातलं. माती इतकी तडकली होती की पाणी आत जाताना आवाज येत होता. मग बाहेरच्या खोलीत आले आणि ती बसली होती तिथं समोर, भिंतीशी बसले. काही बोलले नाही. तुम्ही बसला होता तशी बसले, बराच वेळ. एकदाचं रडू आलं. त्याचं आलं, त्या कानाच्या आरशाचं आलं, थोडं तुमचंही आलं. उठले तेव्हा येते म्हणाले नाही.

ती आल्यावर तिला हे सांगायचं की नाही, मी ठरवलेलं नाही. झाड ओलं दिसेल, कदाचित तिला कळेल. कदाचित वाटेल की किराणावाल्यानं घातलं. हा कागद मी तुमच्या शब्दकोशात ठेवणार होते, पण तो जावयांच्या हाताला लागेल, म्हणून जाळून टाकेन म्हणते. तुम्हाला कुठं टपाल येतं?

फक्त एक सांगायचं राहिलं. शुद्ध मनानं गेले होते, शुद्ध मनानं बसले होते, पण अब्बा, निघताना मी आधी दार बोटभर उघडलं, जिन्यात कुणी नाही ना ते पाहिलं, आणि मगच बाहेर आले.